इंग्रजी क्रियापदाची चूक आणि मातृभाषेची साक्ष

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, वळसंग हे गाव आहे. या पट्ट्यात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच बाजारात, एकाच पारावर आणि पुष्कळदा एकाच घरातही ऐकू येतात. शाळेत मात्र मूल ज्या माध्यमात शिकते तेवढ्याच भाषेची नोंद होते, आणि इंग्रजीच्या तासाला तर तीही बाजूस राहते. तेथे दोन मुलांच्या वह्या शेजारीशेजारी ठेवल्या आहेत अशी कल्पना करू या. एक घरी मराठी बोलणारा, दुसरा कानडी. पहिल्याने लिहिले आहे, ‘द बॉइज हॅज रिटन अ लेटर’. दुसऱ्याच्या वहीत कर्ता व क्रियापद यांचा मेळ बिनचूक आहे. परंतु पुढच्या वाक्यात काळ घसरला आहे. शिक्षक दोन्ही ठिकाणी तांबड्या शाईची सारखीच रेघ ओढतात आणि सारखेच गुण कापतात. चूक सापडली, सुधारली, काम संपले. या दोन रेघांखाली दडलेल्या गोष्टी एकच आहेत काय, आणि त्या एकच आहेत असे मानण्याची सवय आपल्या अध्यापनास कोठून लागली, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

सवयीचा उगम प्रथम पाहू. अशुद्ध वाक्य मुद्दाम पुढे ठेवून ते विद्यार्थ्याकडून शुद्ध करवून घेण्याची रीत भारतात जन्मलेली नाही; एवढेच नव्हे तर ती परभाषा शिकणाऱ्यांसाठीही निर्माण झालेली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास न्यूकॅसल येथील अ‍ॅन फिशर या शिक्षिकेने आपल्या इंग्रजी व्याकरणात वाईट इंग्रजीचे नमुने अभ्यासासाठी दिले. लॅटिनच्या शाळांत तत्सम प्रकार आधीपासून होताच. तो इंग्रजीत आणण्याचे श्रेय बहुधा या बाईंना दिले जाते. त्यानंतर १७६२ साली रॉबर्ट लोथ यांचे छोटेखानी व्याकरण प्रसिद्ध झाले. लोथ हे पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांनी तळटीपांमध्ये मिल्टन, ड्रायडन, पोप, अ‍ॅडिसन, स्विफ्ट अशा थोर ग्रंथकारांच्या चुका वेचून मांडल्या. ‘यू वॉज’ हा प्रयोग त्यांना असह्य वाटे, तसेच ‘हॅव रोट’ यासारखी भूतकाळी रूपे धातुसाधिताच्या जागी वापरणेही. इंग्रजी लिंडले मरे यांच्या हाती येईपर्यंत ही रीत पक्की झाली होती. पेन्सिल्व्हानियात जन्मलेले आणि यॉर्कजवळ येऊन स्थायिक झालेले हे गृहस्थ. यॉर्कमधील एका मुलींच्या शाळेच्या गरजेतून त्यांनी १७९५ साली आपले व्याकरण रचले, आणि १७९७ साली त्यास जोडून अभ्यासवाक्यांचे पुस्तक व त्याची उत्तरावली काढली. त्या पुस्तकात चुकीच्या वाक्यांची रांगच्या रांग उभी आहे.

या सर्व पुस्तकांतील चुका ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशांच्या चुका आहेत, हे आपल्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगे आहे. न्यूकॅसलची वा यॉर्कची मुलगी ‘यू वॉज’ म्हणे, कारण तिच्या अवतीभोवती तसे बोलले जाई. तिला इंग्रजी शिकवावयाचे नव्हते. तिला येत असलेल्या इंग्रजीतून समाजमान्य इंग्रजी निवडून द्यावयाचे होते. त्या अभ्यासामागे भाषेपेक्षा प्रतिष्ठेचा प्रश्न अधिक होता. शिवाय त्या काळचे शुद्ध तरी कोठे स्थिर होते? ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे म्हणून घर बांधले जात आहे हा अर्थ सांगण्याची जुनी रीत होती. ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस डोके वर काढू लागली, आणि एकोणिसाव्या शतकात कित्येक वैयाकरणांनी तिला अडाणी ठरवून झिडकारले. आज तीच शुद्ध आहे, आणि जुनी रीत वापरणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जातील. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांच्यातील पुरुषपरत्वे भेद जॉन वॉलिस यांनी १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात सांगितला. आपल्याकडील कित्येक पिढ्यांनी तो घोकला आणि परीक्षेत त्यावर गुण मिळवले वा गमावले. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र तो बहुतांशी सोडून दिला आहे. चुकांच्या यादीलाही इतिहास असतो एवढे यावरून दिसून येईल.

हीच यादी मुंबईत आली. १८२२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या शाळांतून, आणि १८३० नंतर एल्फिन्स्टनच्या नावाने उभ्या राहिलेल्या विद्यालयातून, इंग्रजी शिकलेली पहिली मराठी पिढी तयार झाली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले तेव्हा एकाच पृष्ठावर इंग्रजी व मराठी समोरासमोर उभ्या राहिल्या. चार वर्षांनी, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. दादोबांनी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीची मांडणी केली अशी तक्रार पुढील काळात पुष्कळदा झाली आहे, आणि शब्दांच्या आठ जातींपुरती ती खरीही आहे. परंतु क्रियापदापाशी येताच इंग्रजीचा साचा अपुरा पडतो. मराठी क्रियापद कधी कर्त्याच्या मागे जाते, कधी कर्माच्या मागे जाते, आणि कधी दोघांनाही न जुमानता नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ राहते. कर्तरी, कर्मणी आणि भावे अशा तीन प्रयोगांची चर्चा तेथून सुरू होऊन मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत सतत चालू राहिली. एका परीने पाहता मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजी चुकांचा उलगडा करणारे शास्त्र मराठी व्याकरणकारांनी शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवले होते. ते इंग्रजीच्या वर्गात कोणी नेले नाही, इतकेच.

एक अपवाद मात्र कृतज्ञतेने नोंदवला पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे हे त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी एक. तेथून पुढे इंग्रजीचा पेपर हा महाराष्ट्रातील सरकारी नोकरीचा, वकिलीचा आणि उच्च शिक्षणाचा उंबरठा होऊन बसला. हा उंबरठा ओलांडण्यासाठी जी पुस्तके घरोघर पोचली त्यांत द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेचे स्थान वेगळे आहे. (आडनावावरून दादोबा व द्वारकानाथ यांची गल्लत करण्याची चूक सुशिक्षितांकडूनही होते, ती येथे टाळावी.) या पाठमालेतील सुटीसुटी, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली वाक्ये हा पुढे विनोदाचा विषय झाला. युरोपातील ओलेन्डॉर्फच्या पुस्तकांचीही तशीच थट्टा झाली होती. परंतु पद्धतीचे मर्म थट्टेने झाकले जाऊ नये. फिशर, लोथ व मरे यांच्या रीतीत विद्यार्थ्यापुढे आधी चुकलेले इंग्रजी वाक्य येते. तर्खडकरी रीतीत आधी मराठी वाक्य येते. इंग्रजी वाक्य विद्यार्थ्याला त्या मराठी वाक्यातून घडवावे लागते, म्हणजे चूक जेथे जन्मते त्या जागेवर त्याला उभे केले जाते. रा. गो. भांडारकरांनी १८६४ च्या ‘मार्गोपदेशिके’त संस्कृतसाठी हीच दुहेरी भाषांतराची वाट चोखाळली होती, आणि तिचे यश सर्वांना ठाऊक आहे.

यानंतरचा प्रवास मला काहीसा उलट दिशेचा वाटतो. जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आणि मुंबई विद्यापीठाचे फेलो. त्यांनी १९०७ साली भारतीय लोक इंग्रजी लिहिताना वाक्प्रचारांत कोणत्या चुका करतात याची तपासणी करणारे एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. लेखकाचा हेतू उपहासाचा नाही, आणि त्यांचे निरीक्षणही बारीक आहे. पण पुस्तकाच्या नावातच ‘इंडियन इंग्लिश’ असा एक अखंड प्रदेश कल्पिलेला आहे. चूक करणारा मराठी की गुजराती, तमिळ की बंगाली, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. नेसफील्ड यांची व्याकरणे संयुक्त प्रांतातून सर्व हिंदुस्थानभर गेली. १९३५ च्या सुमारास रेन व मार्टिन यांचे हायस्कूल व्याकरण निघाले, आणि त्याने जवळजवळ सर्वांना मागे सारले. रेन यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात, विशेषतः कराचीस, काम केले होते. कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती निराळीच. त्यांच्या पुस्तकाची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु त्यातील अभ्यासवाक्यांचा विद्यार्थी हा कोणत्याही भाषेचा नाही. तो एक निर्भाषिक, अमूर्त असा विद्यार्थी आहे. आजच्या बँकांच्या व शासकीय नोकऱ्यांच्या परीक्षांतून वाक्याचे तीन-चार तुकडे करून ‘कोणत्या तुकड्यात चूक आहे’ असे विचारले जाते, ते याच परंपरेचे शेवटचे टोक होय. तेथे चूक कोठे आहे एवढेच पुसले जाते. ती का झाली हे उमेदवारास विचारावयाचे नसते, आणि शिकवणाऱ्याने सांगावयाचेही नसते.

आता वळसंगच्या वह्यांकडे परत येऊ.

‘मुलांनी एक पत्र लिहिले आहे’ या मराठी वाक्यात कर्ता अनेकवचनी आहे, पण क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नाही. ‘लिहिले आहे’ हे ‘पत्र’ या शब्दाशी बांधलेले आहे. ‘रामाने दोन पत्रे लिहिली आहेत’ यात राम एक असूनही ‘आहेत’ हे अनेकवचन आले, कारण पत्रे दोन. हा कर्मणी प्रयोग. हीच बांधणी मनात ठेवून इंग्रजी सहायक क्रियापद निवडले, तर पहिल्या वाक्यात ‘द बॉइज हॅज रिटन’ आणि दुसऱ्यात ‘रामा हॅव रिटन’ असे निघणार. ‘मुलांनी रामाला पाहिले आहे’ या भावे प्रयोगात क्रियापद सदैव एकवचनी राहते. तेथेही ‘द बॉइज हॅज सीन रामा’ असेच हाती येईल. परंतु ‘मुले गेली आहेत’ हा कर्तरी प्रयोग असल्याने त्याचे इंग्रजी ‘द बॉइज हॅव गॉन’ असे बिनचूक उतरेल. म्हणजे एकच विद्यार्थी एकाच पृष्ठावर ‘हॅव गॉन’ बरोबर लिहील आणि ‘हॅज रिटन’ चुकवील, आणि वरवर पाहणाऱ्याला तो केवळ निष्काळजी वाटेल. वस्तुतः तो एका नियमाने चालला आहे. नियम त्याच्या भाषेचा आहे, एवढेच.

(‘तू पत्रे लिहिली आहेस’ येथे ‘लिहिली’ हे कर्माशी आणि ‘आहेस’ हे कर्त्याशी जुळते. मराठी वैयाकरण ज्याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात त्याच जातीची ही रचना. द्वितीय पुरुषात ही चूक कमी आढळावी असा अंदाज त्यावरून बांधता येतो.)

कानडीत हा सर्व गुंताच नाही. ‘हुडुगरु ओंदु पत्र बरेदिद्दारे’ म्हणजे ‘मुलांनी एक पत्र लिहिले आहे’. यातील ‘बरेदिद्दारे’ हे अनेकवचन ‘हुडुगरु’ या कर्त्याचे आहे. ‘रामनु एरडु पत्र बरेदिद्दाने’ यात पत्रे दोन असली तरी क्रियापद रामाबरोबर एकवचनीच राहते. मराठीत ‘तिने आंबा खाल्ला’ म्हणताना क्रियापद आंब्याप्रमाणे पुल्लिंगी होते. कानडीत ‘अवळु माविनहण्णु तिंदळु’ म्हणताना ते खाणारीप्रमाणे स्त्रीलिंगी राहते. सकर्मक असो वा अकर्मक, भूतकाळ असो वा वर्तमान, कानडी क्रियापद कर्त्याचा पदर सोडत नाही. इंग्रजीही सोडत नाही. कर्ता व क्रियापद यांचा मेळ शिकण्यात कानडी घरातील मुलाला म्हणून एक सिद्ध आधार मिळतो, आणि मराठी घरातील मुलाला तो मिळत नाही.

नकाराच्या बाबतीतही असाच भेद आहे. ‘तो गेला नाही’ यात भूतकाळाची खूण मुख्य क्रियापदावर तशीच राहते. ‘ही डिड नॉट वेंट’ या वाक्यात ‘गेला’ हाच ‘वेंट’ होऊन बसला आहे असे म्हणता येते. कानडीत ‘अवनु होगलिल्ल’. येथे ‘होगल्’ हे काळाची खूण नसलेले हेत्वर्थी रूप असून त्यास ‘इल्ल’ लागले आहे. इंग्रजी ‘गो’ला ‘डिड नॉट’ लागते त्याशी हे किती जवळचे आहे! सोलापूर शहरातील विणकर वस्त्यांत बोलल्या जाणाऱ्या तेलुगूतही ‘वेळ्ळलेदु’ हे त्याच घडणीचे. उलट ‘तो येईल तेव्हा मी जाईन’ यावरून मराठी मूल ‘व्हेन ही विल कम’ असे लिहिणार, तर ‘अवनु बंदाग नानु होगुत्तेने’ म्हणणाऱ्या कानडी मुलाच्या मनात ‘बंद’ हे भूतकाळी धातुसाधित आणि ‘होगुत्तेने’ हे वर्तमान व भविष्य दोहोंस चालणारे रूप आहे. त्याची चूक झाली तर ती ‘व्हेन ही केम, आय गो’ अशी दुसऱ्याच वळणाची होईल. आणि काही चुका दोघांच्या सामाईक आहेत. कोणाचे बोलणे सांगताना बोलणाऱ्याचाच काळ आणि बहुधा त्याचाच पुरुष कायम ठेवावयाचा ही रीत ‘तो म्हणाला की मी येतो’ या मराठीतही आहे आणि ‘अंत’ या शब्दाने वाक्य बांधणाऱ्या कानडीतही आहे. काळांच्या अनुक्रमाचा इंग्रजी नियम त्यामुळे दोघांनाही सारखाच परका.

येथे एक मोठा आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली दोन भाषांची तुलना करून चुका आधीच वर्तवता येतील असे प्रतिपादन केले. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी शिकणाऱ्याच्या चुकीकडे त्याच्या मनात घडत असलेल्या व्याकरणाचा पुरावा म्हणून पाहावे असे सुचवले. पुढे १९७० नंतरच्या दशकात हायडी डुले व मरीना बर्ट यांनी असे दाखवले की लहान मुलांच्या पुष्कळ चुका मातृभाषेतून येतच नाहीत. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही बालपणी तशाच चुका करतात. ‘डिड नॉट वेंट’ ही त्याच जातीची चूक आहे. भूतकाळाची खूण दोनदा लावणे हे कोणत्याही शिकाऊ मुलाकडून घडू शकते. म्हणून वर दिलेले मराठी नकाराचे स्पष्टीकरण कितीही आकर्षक वाटले तरी केवळ तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही, असे मी मानतो. ‘रामा हॅव रिटन’ हेही संशयास्पदच आहे. तृतीय पुरुषी एकवचनाची खूण गाळणे हा जगभरच्या शिकणाऱ्यांचा स्वभाव आहे.

परंतु ‘द बॉइज हॅज रिटन अ लेटर’ याची गोष्ट निराळी. येथे विद्यार्थ्याने काही गाळलेले नाही. साधे, सोपे, बहुतेक सर्व पुरुष-वचनांना चालणारे ‘हॅव’ सोडून त्याने मुद्दाम ‘हॅज’ आणले आहे. सुलभीकरणाच्या कोणत्याही तत्त्वाने याचा उलगडा होत नाही. जवळच्या शब्दाच्या ओढीनेही होत नाही, कारण क्रियापदाला लागून असलेला शब्द ‘बॉइज’ अनेकवचनी आहे. आणि त्याच मुलाने ‘द बॉइज हॅव गॉन’ शुद्ध लिहिले असेल, तर मराठी कर्मणी प्रयोगावाचून दुसरे कारण शोधणे कठीण. शेकडो चुकांत ही एक चूक मला साक्षीदारासारखी वाटते. संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वह्या तपासताना सकर्मक व अकर्मक पूर्णकाळ वेगवेगळे नोंदवावेत, कर्ता व कर्म यांची वचने भिन्न असलेली वाक्ये निवडावीत, आणि मराठी व कानडी घरांतील मुलांचे आकडे शेजारी ठेवावेत. एका शाळेच्या एका वर्षाच्या वह्यांवरही हे काम होऊ शकेल.

मात्र घरची भाषा कोणती हे हजेरीपटावरून ठरवून चालणार नाही. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाविषयी प्रसिद्ध केलेला निबंध या बाबतीत प्रत्येकाने वाचावा. तेथे मराठी, कानडी आणि उर्दू पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्यामुळे त्यांची वाक्यरचना इतकी एकमेकींसारखी झाली होती की एका भाषेतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत उतरवता यावे. शब्द वेगळे, सांगाडा एक. वळसंगच्या परिसरातही ग्रंथांतली कानडी आणि बोलण्यातली कानडी यांत अंतर असणे अगदी स्वाभाविक होय. दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणाऱ्या मुलाच्या मनात कोणता प्रयोग वरचढ आहे हे त्याचे बोलणे ऐकूनच कळेल. ‘बरेदिद्दारे’ हे मी वर प्रमाण कानडीप्रमाणे दिले. ते तेथील मुलाच्या तोंडी तसेच आहे की नाही, हे पाहणे हीच तपासणीची पहिली पायरी.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवली जाते. पूर्वी ज्या वयात मूल मराठी व्याकरणातील प्रयोग शिकून इंग्रजीकडे वळे, त्याच्या कितीतरी आधी आता ते ‘हॅज’ आणि ‘हॅव’ यांना सामोरे जाते. त्याला कर्मणी प्रयोग हे नाव सांगून उपयोग नाही. त्याऐवजी शिक्षकाने ‘पत्र कोणी लिहिले?’ असे विचारावे. उत्तर ‘मुलांनी’ असे आले की, ‘मग इंग्रजीत मुलांकडे बघ, पत्राकडे बघू नको’ असे सांगावे. एवढ्याने त्या मुलाला आपली चूक कोठून आली हे उमगते. शेजारच्या कानडी मुलाला हा प्रश्न विचारण्याची बहुधा गरजच पडणार नाही. त्याच्या वहीत ‘व्हेन ही केम’ या शब्दांखाली रेघ आहे, आणि त्याला विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: ‘तो आला आहे, की अजून यावयाचा आहे?’